प्लॅस्टिक उद्योगातील जोखीम व विमा

प्लॅस्टिक उद्योगातील जोखीम व विमा : प्लॅस्टिकच्या वस्तू तयार करणाऱ्या कारखान्याची मालमत्ता, उत्पन्न, कामगार व शेजार यांना संभवणारे धोके ओळखणे, ते कमी करणे आणि जे धोके उरतात त्यांचा आर्थिक भार विमा कंपनीवर सोपविणे, या कार्यास प्लॅस्टिक उद्योगातील जोखीम-व्यवस्थापन असे म्हणता येईल. विमा हा या व्यवस्थापनाचा एक भाग होय. तो त्याचा पर्याय नव्हे. आग लागल्यानंतर विमा पैसा देऊ शकतो; परंतु साचे, तुटलेले गिऱ्हाईक, वाया गेलेला हंगाम व जखमी माणूस तो परत आणू शकत नाही. शिवाय जो पैसा मिळतो, तोही विमा उतरविताना कारखानदाराने जे व जितके जाहीर केले असेल त्यापुरताच असतो. प्लॅस्टिकचे लघुउद्योग आगीनंतर बंद पडतात ते केवळ विमा नव्हता म्हणूनच असे नव्हे, तर तो अपुरा किंवा चुकीचा असल्यानेही पडू शकतात. [→ विमा].

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाचे उत्पादन प्रारंभी मुंबई व ठाणे परिसरात वाढले. १९६० नंतरच्या दशकात चेंबूर व ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्त्यापासून एथिलीन व त्यापासून पॉलिएथिलीन बनविणारे कारखाने उभे राहिले. त्यांच्या आधाराने या कच्च्या मालापासून बादल्या, नळ, पिशव्या, बाटल्या, यंत्रांचे भाग इ. वस्तू बनविणारे असंख्य छोटे कारखाने मुंबई, वसई, भिवंडी, कल्याण या भागांत पसरले. मुंबईतील जागेची टंचाई आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची धोरणे यांमुळे हा उद्योग पुढे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही गेला. मुरबाड येथे महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे, तर शहापूर तालुक्यात आसनगाव-वाशिंद पट्ट्यात कारखाने व गुदामे आहेत.

या स्थलांतराने जोखमीचे स्वरूप बदलले. शहरातील दाटीवाटीच्या गाळ्यात शेजाऱ्याची आग आपल्या दारी येण्याची भीती असते. मुरबाड तालुक्यात तीऐवजी डोंगरउतारावरील वणवा, भातशेतीचा पेंढा, गवताच्या गंजी, पावसाळ्यातील पूर आणि मदत पोहोचण्यास लागणारा वेळ हे घटक पुढे येतात. मुरबाड-कर्जत रस्त्यावरील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेस भरणाऱ्या खांबलिंगेश्वराच्या यात्रेसाठी व गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा शेतीप्रधान गावाच्या परिसरात कारखान्याच्या कुंपणापलीकडे लगेच शेत किंवा गवताळ माळ असतो. खरिपापूर्वी राब भाजण्याची रीत या भागात जुनी आहे. वाऱ्याच्या दिवसांत त्या आगीची ठिणगी उघड्यावर रचलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्यांवर पडणे असंभवनीय नाही.

धोक्यांचे स्वरूप : (१) पदार्थाचे गुणधर्म : पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ही खनिज तेलापासून बनलेली हायड्रोकार्बने असल्याने त्यांच्या ज्वलनातून दर किलोग्रॅममागे सु. ४६ मेगॅजूल उष्णता बाहेर पडते. वाळलेल्या लाकडापासून मिळणारी उष्णता सु. १७ ते २० मेगॅजूल असते. म्हणजे प्लॅस्टिकने भरलेले गुदाम हे त्याच वजनाच्या लाकडाच्या वखारीपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता साठवून असते. शिवाय ही प्लॅस्टिके जळण्यापूर्वी वितळतात. वितळलेला रस जळत जळत खाली ठिबकतो, जमिनीवर पसरतो व आग एका थप्पीकडून दुसरीकडे नेतो. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) तुलनेने सहज पेट घेत नाही. परंतु जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. हा वायू ओलाव्याबरोबर आम्ल बनून यंत्रांचे सुटे भाग व विद्युत् फलक गंजवितो. त्यामुळे ज्वाळा न पोहोचलेल्या दालनातील यंत्रेही निकामी होऊ शकतात. पॉलियुरेथेन फेस व नायलॉन यांच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो. फेसयुक्त पॉलिस्टायरीनच्या (थर्मोकोलच्या) मण्यांत पेंटेन हा ज्वालाग्राही द्रव असतो. मण्यांचा साठा बंदिस्त जागेत असल्यास त्याची वाफ साचून ठिणगीने भडका उडतो.

(२) यंत्रे व प्रक्रिया : अंतःक्षेपण साचेकामात (इंजेक्शन मोल्डिंगमध्ये) प्लॅस्टिक सु. १८०° ते २८०° से. पर्यंत तापवून मोठ्या दाबाने साच्यात भरले जाते. हा दाब निर्माण करणारे हायड्रॉलिक तेल तापलेल्या पिंपाच्या जवळूनच वाहते. नळी फुटून तेलाचा तुषार तापकपट्ट्यांवर पडला की क्षणात आग लागते. तापनियंत्रक बिघडल्यास पदार्थ अतितप्त होऊन विघटित होतो. पीव्हीसी व ॲसिटाल ही प्लॅस्टिके एकाच पिंपात मिसळल्यास तीव्र वायुनिर्मिती होऊन स्फोटासारखी स्थिती उद्भवते; म्हणून एक पदार्थ बदलून दुसरा घेताना पिंप मध्यस्थ पदार्थाने पूर्ण धुऊन घ्यावे लागते. फिल्म ओढताना व दाणे हवेच्या झोताने वाहून नेताना स्थितिक विद्युत् साठते. भंगार दळण्याच्या यंत्रातील बारीक धूळ हवेत मिसळल्यास तीही स्फोटक ठरू शकते.

(३) माणसे : साचा मिटताना हात अडकणे, दळणयंत्राच्या पात्यांत बोटे जाणे व वितळलेला रस उडून भाजणे हे या उद्योगातील नेहमीचे अपघात होत. साच्यासमोरील दार उघडे असताना यंत्र चालू न होण्यासाठी बसविलेली अडसरकळ उत्पादन वाढविण्याच्या घाईत निकामी करून ठेवली जाते, हे अशा अपघातांचे प्रमुख कारण असते.

(४) निसर्ग : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला व मुंबईबरोबर कल्याण, बदलापूर हा उल्हास खोऱ्याचा भागही पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे कल्याण-मुरबाड मार्गावरील रायते पुलाजवळ वाहतूक खंडित झाली. प्लॅस्टिकचे दाणे पाण्याने नासत नाहीत अशी समजूत आहे. ती अंशतःच खरी आहे. नायलॉन, पॉलिकार्बोनेट, पॉलिएस्टर यांसारखी ओलावा शोषणारी प्लॅस्टिके नीट सुकविल्याशिवाय वापरता येत नाहीत आणि पुराच्या पाण्यातील चिखल मिसळलेले दाणे कमी प्रतीच्या मालासाठीच उपयोगी पडतात. जमिनीलगत बसविलेल्या मोटारी व विद्युत् फलक यांची हानी तर पूर्ण असते.

जोखीम-व्यवस्थापनाच्या पद्धती : ओळखलेल्या धोक्याची वाट चार प्रकारे लावता येते : धोका टाळणे, कमी करणे, स्वतःजवळ ठेवणे आणि दुसऱ्यावर सोपविणे. पेंटेनयुक्त मणी न साठविता फुगविलेला माल विकत घेणे, हे टाळण्याचे उदाहरण होय. किरकोळ मोडतोडीचा खर्च चालू उत्पन्नातून भागविणे म्हणजे धोका स्वतःजवळ ठेवणे. क्वचित घडणारी पण उद्योग बुडवू शकेल एवढी मोठी हानी मात्र विम्याकडे सोपवावी, हा सामान्य नियम आहे. प्रत्यक्षात अनेक कारखानदार याच्या उलट वागतात. किरकोळ नुकसानीचे दावे मिळावेत म्हणून अधिक हप्ता देतात आणि मोठ्या जोखमीची विमा रक्कम मात्र कमी ठेवतात.

धोका कमी करण्याचे उपाय बहुतांशी साधे व अल्पखर्चाचे असतात. कच्चा माल, तयार माल व भंगार वेगवेगळ्या ठिकाणी, शक्यतो आगरोधक भिंतीने अलग करून ठेवावीत. थप्प्यांची उंची मर्यादित ठेवून त्यांमध्ये मोकळी वाट सोडावी. गोण्या जमिनीपासून उंच लाकडी चौकटींवर ठेवल्यास पुराचेही नुकसान कमी होते. तेलाच्या नळ्यांची ठराविक मुदतीने बदली, विद्युत् जोडण्यांची उष्णता-तपासणी, फिल्मयंत्रांचे भूयोजन, आवाराभोवती गवत कापून राखलेला मोकळा पट्टा आणि पाण्याचा स्वतंत्र साठा हे आणखी काही उपाय होत. ग्रामीण भागात बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटे कारखान्यालाच निभावून न्यावी लागतात. म्हणून रात्रपाळीतील किमान दोघांना अग्निशामक साधने चालविण्याचा सराव असणे आवश्यक असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, सादर करावे लागते.

विमाव्यवसायाचा विकास : भारतात विमाव्यवसायाचे नियमन विमा अधिनियम, १९३८ अन्वये होते. १९७२ च्या अधिनियमाने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले व १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे एकत्रीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या काम करू लागल्या. आगीच्या विम्याचे दर त्या काळी एका दर सल्लागार समितीने ठरविलेल्या दरपत्रकानुसार आकारले जात. कारखान्याचा प्रकार, साठ्याची धोकादायकता व अग्निशामक साधने पाहून वाढ किंवा सूट मिळे. १९९९ च्या अधिनियमाने विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन होऊन खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. १ जानेवारी २००७ पासून आगीच्या विम्याचे दर मुक्त झाले. तेव्हापासून एकाच प्रकारच्या दोन कारखान्यांना वेगवेगळा हप्ता पडू शकतो आणि सुरक्षिततेवर केलेला खर्च हप्त्याच्या वाटाघाटीत उपयोगी पडतो.

१ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी प्रमाण विमापत्रे लागू करण्यात आली. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ व ५ कोटींहून अधिक परंतु ५० कोटींपर्यंत असल्यास ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ अशी त्यांची नावे आहेत.

विमापत्रांचे प्रकार : (अ) आग व तत्सम धोके : यात आग, वीज, स्फोट, दंगल, वादळ, पूर इत्यादींमुळे होणारी हानी भरून मिळते. जुन्या दरपत्रकानुसार वादळ व पूर हा गट वगळून हप्त्यात सूट घेता येत असे. ती सूट २००५ च्या पुरात अनेकांना महागात पडणे अपरिहार्य होते. वणव्याविषयी जुन्या विमापत्रातील भेद ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. झुडपांचा वणवा किंवा जमीन साफ करण्यासाठी लावलेली आग यांमुळे झालेली हानी त्यात समाविष्ट होती, परंतु अरण्यातील वणवा वेगळा हप्ता देऊनच अंतर्भूत करून घ्यावा लागे. २०२१ च्या प्रमाण विमापत्रांत हा भेद ठेवलेला नाही. विद्युत् मंडलसंक्षेपाने (शॉर्ट सर्किटने) ज्या यंत्रात दोष उत्पन्न झाला त्याच यंत्राची हानी आगीच्या विम्यातून वगळण्याची प्रथा आहे. त्या यंत्रातून पसरलेल्या आगीने झालेली इतर हानी मात्र भरून मिळते.

(आ) यंत्रबिघाड विमा : वरील वगळलेल्या हानीसाठी व मळसूत्र मोडणे, दातेरी पेटी फुटणे, नियंत्रक जळणे अशा अचानक घडणाऱ्या बिघाडांसाठी हे विमापत्र घेतात. सामान्य झीज त्यात येत नाही.

(इ) नफाहानी विमा : आगीनंतर कारखाना बंद असतानाही व्याज, भाडे व पगार चालूच राहतात. हे स्थायी खर्च आणि बुडालेला निव्वळ नफा हा विमा ठराविक भरपाई-कालापर्यंत देतो. नवे यंत्र परदेशातून येण्यास व नवे साचे बनण्यास लागणारा काळ विचारात घेऊन हा अवधी ठरवावा लागतो. मूळ विमापत्राखाली येणारी मालमत्तेची हानी झालेली असणे ही याची पूर्वअट असते. त्यामुळे रस्ता तुटल्याने माल बाहेर पडू शकला नाही, पण कारखान्याला धक्काही लागला नाही, तर साध्या नफाहानी विम्यातून काही मिळत नाही. मार्ग बंद होण्याची जोखीम विस्तार-कलमाने मुद्दाम घ्यावी लागते. नदी ओलांडून कल्याणकडे जाणाऱ्या एका मार्गावर अवलंबून असलेल्या मुरबाडच्या कारखान्याने ही बाब ध्यानी घेणे इष्ट ठरते.

(ई) इतर : न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या व गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या मालासाठी वाहतूक विमा, भिवंडीसारख्या ठिकाणच्या अनेक गुदामांतील साठ्यासाठी एकत्रित ‘फ्लोटर’ विमापत्र आणि सदोष मालामुळे उद्‌भवणाऱ्या दायित्वासाठी उत्पादनदायित्व विमा घेता येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादनदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असल्याने पाण्याच्या टाक्या, खाद्यपदार्थांचे डबे, नळ इ. बनविणाऱ्यांना या विम्याचे महत्त्व वाढले आहे.

विमा रक्कम व सरासरीचे कलम : विमापत्राची उपयुक्तता मुख्यतः विमा रकमेवर अवलंबून असते. मालमत्तेच्या खऱ्या मूल्यापेक्षा कमी रकमेचा विमा उतरविल्यास तफावतीपुरता विमेदार स्वतःच स्वतःचा विमाकर्ता मानला जातो व भरपाई त्या प्रमाणात घटते. यास सरासरीचे कलम म्हणतात. उदा., एखाद्या कारखान्यातील मालमत्ता ३ कोटी रुपयांची असून विमा २ कोटींचा आहे आणि आगीत ९० लाखांची हानी झाली, तर भरपाई ९० लाखांच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ६० लाख रुपये मिळते. हानी विमा रकमेहून कितीतरी कमी असूनही ३० लाखांचा भार कारखानदारावर पडतो. सूक्ष्म व लघू उद्योगांच्या प्रमाण विमापत्रांत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते. वरील उदाहरणातील तूट त्यापेक्षा अधिक असल्याने ती सवलत लागू पडणार नाही.

प्लॅस्टिक उद्योगात ही तूट प्रामुख्याने चार कारणांनी पडते. (१) यंत्राची रक्कम हिशेबवहीतील घसारा वजा केलेल्या मूल्याने लिहिली जाते, तर नवे यंत्र आजच्या भावाने घ्यावे लागते. यावर पुनःस्थापन मूल्याचा विमा हा उपाय आहे. (२) प्लॅस्टिकचे भाव खनिज तेलाच्या भावाबरोबर चढतात व सणासुदीपूर्वी साठा वाढतो. विमा रक्कम मात्र वर्षारंभीचीच राहते. त्यासाठी वेळोवेळी साठा कळविण्याची तरतूद असलेले घोषणा विमापत्र उपयोगी पडते. (३) विमा बँकेच्या कर्जासाठी घेतला जातो व रक्कम कर्जाएवढीच ठेवली जाते. कर्ज हे मालमत्तेचे माप नव्हे. (४) अनेक कारखाने गिऱ्हाइकाने दिलेल्या साच्यांवर काम करतात. एकेक साचा यंत्राइतका मौल्यवान असू शकतो, परंतु तो आपला नसल्याने विम्यातून वगळला जातो. ताब्यात असलेली परकी मालमत्ता विमापत्रात स्पष्ट नमूद केल्याखेरीज तिची भरपाई मिळत नाही आणि गिऱ्हाईक मात्र ती मागतेच.

विमा अधिनियमाच्या ६४ व्हीबी या कलमानुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीस जोखीम स्वीकारता येत नाही. मुदत संपल्यानंतर नूतनीकरणास एका दिवसाचा विलंब झाला, तरी तो दिवस विम्यावाचून जातो.

कामगार व त्रयस्थ व्यक्ती : कामगारांना अपघाताची भरपाई देण्याची तरतूद १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने व पुढे कामगार राज्य विमा अधिनियम, १९४८ अन्वये झाली. कारखान्यातील सुरक्षिततेचे नियमन कारखाने अधिनियम, १९४८ करीत असे. भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० यांनी घेतली आहे. कंत्राटदाराकडून आलेल्या कामगारांची नोंद राहून जाणे हा या विम्यातील नेहमीचा दोष असतो. अपघात झाल्यावर कंत्राटदार निघून जातो व जबाबदारी मुख्य मालकाकडे येते.

घातक पदार्थ विहित मर्यादेपेक्षा अधिक प्रमाणात हाताळणाऱ्यांवर सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ ने सक्तीचा विमा लादला आहे. त्यानुसार बाहेरील व्यक्तींना कोणाचा दोष हे सिद्ध न करता तातडीचे साहाय्य मिळते. प्लॅस्टिकचे केवळ साचेकाम करणारे कारखाने सहसा त्याखाली येत नाहीत. कच्चा माल बनविणारी संकुले येतात. या संकुलांतील धोका किती मोठा असतो हे १९९० च्या नोव्हेंबरमध्ये रायगड जिल्ह्यातील नागोठणे येथील पेट्रोरसायन संकुलात दिसून आले. तेथे वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डोंबिवली औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांत मनुष्यहानीबरोबरच आसपासचे कारखाने व घरे यांचीही मोडतोड झाली. अशा वेळी ज्याचा दोष आहे त्याच्याकडून भरपाई मिळण्यास वर्षे लागू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या विम्यावर विसंबून न राहता प्रत्येकाने आपला विमा पुरेसा ठेवावा, हा या घटनांचा धडा होय.

दाव्याची कार्यपद्धती : हानी झाल्यावर विमा कंपनीस तत्काळ कळविणे, हानी वाढू न देणे व अवशेष पाहणीपर्यंत न हलविणे ही विमेदाराची प्राथमिक कर्तव्ये होत. विहित रकमेपेक्षा मोठ्या हानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षकाने करावी लागते. अग्निशमन दलाचा अहवाल, पोलीस पंचनामा, साठावही, खरेदीची बिले व कर विवरणे यांच्या आधारे तो हानी ठरवितो. प्लॅस्टिकच्या आगीत साठ्याचे वितळून गड्डे बनत असल्याने गोण्या मोजता येत नाहीत. म्हणून या उद्योगात दावा सर्वस्वी कागदपत्रांवर उभा राहतो. तेच कागद त्याच आगीत जळू नयेत म्हणून हिशेबाची प्रत रोज कारखान्याबाहेर ठेवणे हे अग्निशामक साधनांइतकेच आवश्यक आहे. विमापत्रातील अटी न पाळल्याचे आढळल्यास दावा नाकारला किंवा घटविला जाऊ शकतो. सुरक्षा-प्रमाणपत्रे व तपासणीच्या नोंदी यांचे मूल्य अशा वेळी कळते.

विम्याच्या मर्यादा : काही जोखमींचा विमाच उतरविता येत नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक पिशव्या व थर्मोकोलच्या काही वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदाच वापरण्याच्या ठराविक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद केल्या. त्यामुळे काही कारखान्यांची यंत्रे शाबूत राहूनही निरुपयोगी झाली. कायद्यातील बदल, मागणीची घट व कच्च्या मालाच्या भावातील चढउतार यांना कोणतेही आगीचे विमापत्र भरपाई देत नाही. त्यांवर उपाय विमाबाह्य आहेत : एकाच वस्तूवर व एकाच गिऱ्हाइकावर विसंबून न राहणे, दुसरा माल काढता येईल अशी यंत्रे निवडणे आणि नफ्याचा काही भाग राखीव ठेवणे. या तिन्हींची तयारी असलेला, विमा रकमेचा दरवर्षी फेरविचार करणारा आणि अडसरकळा चालू ठेवणारा लहान कारखानाही मोठ्या आपत्तीतून पुन्हा उभा राहण्याची शक्यता अधिक असते.